तुसाच्या राखेतलं पॅलेडियम

रुपाली वेखंडे नोकरी सोडून गुजरातेत दहेजला गेली, त्यानंतर मुरबाडच्या कारखान्यातल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत रत्नप्रभा रोकडे एकटीच उरली. दोन टेबलं, एक भट्टी, एक ओव्हन, खिडकीतून दिसणारा कूलिंग टॉवर. साहेब म्हणाले होते, दुसरं कोणी बघू. पाच महिने झाले तरी कोणी आलं नव्हतं, आणि रत्नप्रभानेही आठवण करून दिली नव्हती.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. गाव धसईजवळचं. गावातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती पहिली. लग्न केलं नाही. आईला घेऊन शहापूरला राहायला आली आणि तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर त्याच दोन खोल्यांत एकटी राहू लागली. रविवारी विहारात बायका विचारायच्या, “ताई, तुमी नेमकं काय काम करता?” ती सांगायची, “औषधाच्या कंपनीत आहे.” बायकांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. तिचं व्हायचं नाही, पण पुढचं सांगायचं कसं हे तिला कधी जमलं नव्हतं.

पुढचं असं होतं. कारखान्यात औषधाचा कच्चा माल तयार होई. त्यात एका टप्प्यावर दोन रेणू एकमेकांना जोडावे लागत, आणि पॅलेडियम नावाचा धातू मध्ये घातल्याशिवाय ते जोडले जात नसत. धातू स्वतः खर्च होत नाही, फक्त जोडणी करून देतो. पण तो मालातच विरघळून राही. मग तो मालातून काढायचा आणि टाकून द्यायचा. औषधात धातू चालत नाही. रत्नप्रभाच्या मनात कित्येक वर्षं होतं, की हा धातू एखाद्या सच्छिद्र, घन पदार्थावर बसवावा. काम झालं की गाळून घ्यावा, धुवावा, वाळवावा आणि पुन्हा वापरावा.

सच्छिद्र पदार्थ तिला धसईच्या भातगिरणीमागे सापडला. तिथे तुसाचे ढीग पडलेले असत. भाताचं तूस आम्लात उकळून भट्टीत नीट जाळलं, की शेवटी पांढरीशुभ्र राख उरते. ती राख म्हणजे सिलिका, आणि तिच्यात स्पंजासारखी छिद्रं असतात, फक्त डोळ्यांना न दिसणारी. त्या छिद्रांत पॅलेडियमचे कण बसवायचे. एकेक कण केसाच्या जाडीच्या वीस हजाराव्या भागाएवढा. कण जितका लहान, तितका त्याचा जास्त पृष्ठभाग कामाला येतो. पण लहान कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, नाहीतर सुटून जातात. त्यांना जागेवर ठेवणं हेच खरं काम.

हे सगळं ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली ती रुपालीशी.

रुपाली तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा अठ्ठावीसची होती. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून पहिल्या बसने शहापूरला यायची आणि तिथून रत्नप्रभाच्या स्कूटरवर मागे बसून मुरबाडला. पाऊण तासाचा रस्ता. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे सगळं ओरडून बोलावं लागे.

“मॅडम, काल तूस सातशे अंशांवर जाळलं म्हणून छिद्रं बुजली असतील का हो?”

“साडेपाचशेच्या वर जाऊच नकोस!”

“काय?”

“साडेपाचशे!”

काळू नदीच्या पुलावर गुरं राखणारा माणूस दोघींकडे बघत राही. रत्नप्रभाला अशा वेळी हसू यायचं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, प्रयोगाबाहेर दिवसातलं काही आपल्याला आवडतं, असं तिला वाटायला लागलं होतं.

अडीच वर्षांनी राख आणि धातूची पावडर जमली. पहिल्या फेरीत अठ्ठ्याण्णव टक्के माल. गाळून, धुऊन, पुन्हा वापरली, तरी अठ्ठ्याण्णव. पाचव्या फेरीला शहाण्णव. रत्नप्रभाने तो आकडा तीनदा तपासला. अठरा वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांची कामं पुरी करून देण्यापलीकडे तिने केलेलं हे पहिलंच काही होतं.

त्याच आठवड्यात रुपाली म्हणाली, “मॅडम, एकदा गरम असतानाच गाळून बघूया का?”

“कशाला?”

“अर्ध्या वाटेवर पावडर काढून टाकायची. खाली आलेला द्रव तसाच ढवळत ठेवायचा. जोडणी थांबली तर धातू पावडरीतच आहे. चालू राहिली, तर तो सुटून द्रवात आलाय.”

“मला माहितेय ती चाचणी. धातू सुटला असता तर पाच फेऱ्या आकडा टिकला असता का?”

“आपण थंड करून गाळतो ना. थंड होताना परत राखेवर बसत असेल.”

रत्नप्रभा तक्ता भरत राहिली. शक्यता खोटी नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण साहेबांसमोरची मीटिंग चार दिवसांवर होती.

रुपालीने आपल्या पद्धतीची वेगळी पावडरही करून ठेवली होती. धातू घालण्याआधी छिद्रांच्या आतल्या भिंतींना तिने अमाइन नावाच्या रसायनाचा थर दिला होता, म्हणजे धातूला धरून ठेवणारे हातच जणू. त्या पावडरीने पहिल्या फेरीत एक्याण्णव टक्के दिले आणि दोन तास जास्त घेतले. रत्नप्रभाने आकडा बघितला आणि म्हणाली, “पहिल्याच फेरीला एक्याण्णव? थांबव हे.” रुपालीने थांबवलं.

मीटिंगमध्ये रत्नप्रभाने पाच फेऱ्यांचा तक्ता दाखवला. साहेब खूश झाले. प्लांटमध्ये मोठ्या प्रमाणावर घेऊन बघायचं ठरलं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून रुपाली म्हणाली, “सर, एक चाचणी बाकी आहे अजून.”

सगळ्यांनी वळून बघितलं. साहेबांनी रत्नप्रभाकडे बघितलं.

“तिला अजून शिकायचंय,” रत्नप्रभा हसून म्हणाली. “दोन-तीन वर्षं पावडर धुतली की कळेल.”

लोक हसले. रुपालीने वही मिटली. संध्याकाळी स्कूटरवर ती मागे बसली खरी, पण शहापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणाली, “उद्यापासून मी बसने जाईन, मॅडम. टाइम जमत नाय.” टाइम नीट जमत होता. हे दोघींनाही माहीत होतं.

दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. जायच्या दिवशी तिने आपला पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून टेबलावर ठेवला, वह्या कपाटात लावल्या आणि “येते, मॅडम” म्हणून गेली. तेव्हा एखादं वाक्य बोलायला हवं होतं, असं रत्नप्रभाला नंतर फार वाटलं. त्या वेळी ती तराजूवर काहीतरी मोजत होती आणि तिने मान वर केली नाही.

मग ते पाच महिने. गाळणीवर लक्ष ठेवायला कोणी नाही म्हणून ती जेवायला जायची नाही, उभ्यानेच डबा खायची. कधी ओव्हन उघडता उघडता म्हणायची, “जरा बघ गं, वाळलंय का,” आणि मग स्वतःच वाकून बघायची. येता-जाता स्कूटरवर मागचं वजन नसायचं. गाडी खड्ड्यांतून हलकी उडायची.

प्लांटमध्ये पहिली मोठी बॅच निघाली ती दिवाळीच्या आधी. पावडरीचा पहिला वापर ठीक झाला. दुसऱ्याला माल घटला. तिसऱ्या वापरात अठ्ठावन्न टक्के आले, आणि जो माल पांढरा यायला हवा तो राखाडी निघाला. ठाण्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. मालात पॅलेडियम सापडलं, चालेल त्याच्या कितीतरी पट.

रत्नप्रभा प्लांटमध्ये उतरली. तिथे जैतू नावाचा जुना ऑपरेटर होता, वीस वर्षं त्याच रिअॅक्टरवर काढलेला. तो आधीच घाबरलेला होता.

“म्याडम, आमी कागदावर होतं तसंच केलं. एक वस्तू इकडं तिकडं नाय.”

“गाळलं कधी?”

“झाल्या झाल्या. गरम गरम. थंड झालं का माल फिल्टरातच गोठतो, मग पाइप उघडायला लागतो. आमी नेहमी गरमच गाळतो.”

रत्नप्रभाला आपली गाळणी आठवली. प्रयोगशाळेत ती रात्रभर थंड करून सकाळी गाळत असे. थंड होताना सुटलेला धातू परत राखेवर बसत असे आणि पाच फेऱ्या सगळं छान दिसत असे. इथे तो बसायच्या आधीच मालाबरोबर निघून गेला होता. हे तिला चाचणीशिवायच समजलं. रुपालीने हे बसल्या जागी सांगितलं होतं.

साहेबांनी दुपारी बोलावलं. ते चिडलेले नव्हते, उलट समजूत घालत होते. “रत्नप्रभा मॅडम, ऑपरेटरने गरम गाळलं, हे कारण लिहा. तुमच्या कागदात थंड करून असं असेलच ना कुठेतरी?”

होतं. तिसऱ्या पानावर, एका ओळीत, प्रयोगशाळेच्या पद्धतीत. प्लांटच्या सूचनांमध्ये नव्हतं.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिने फ्लास्क लावला. चाळीस टक्के जोडणी झाली तेव्हा गरम असतानाच पावडर गाळून काढली. खाली आलेला द्रव काचेसारखा स्वच्छ होता. तो तिने पुन्हा त्याच तापमानाला ढवळत ठेवला आणि स्टुलावर बसून राहिली. चुंबकाची कांडी फ्लास्कमध्ये गरगर फिरत होती. दर अर्ध्या तासाने ती नमुना काढायची. त्रेपन्न. सदुसष्ट. शहात्तर. त्या स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात पावडरीचा कणही नव्हता आणि काम चालूच होतं. दुपारी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर ते थांबलं.

तिने कपाटातून रुपालीची वही काढली. शेवटच्या पानावर अमाइनवाल्या पावडरीची नोंद होती. तारीख, वजन, एक्याण्णव टक्के, आणि खाली एक ओळ: “पहिली फेरी कमी म्हणून थांबवलं. गाळणी चाचणी राहिली.” कोणी थांबवलं, ते लिहिलेलं नव्हतं. रत्नप्रभाने ती ओळ दोन-तीनदा वाचली. मग दार लोटून घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी रडली. बाहेर कूलिंग टॉवरचं पाणी पडत होतं, त्यामुळे ऐकू जायची भीती नव्हती.

तोंड धुऊन ती साहेबांकडे गेली.

“ऑपरेटरची चूक नाही, सर. माझी पावडरच धातू सोडते. गरम गाळलं म्हणून ते उघडं पडलं एवढंच. रुपालीने मीटिंगमध्ये हेच सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं.”

साहेब जरा वेळ पेन फिरवत राहिले. “ती गेली ना आता? मग ते कशाला मध्ये आणता?”

“कारण दुसरी पावडर तिची आहे. मला तीन आठवडे द्या.”

“ह्या वयात कशाला स्वतःच्या हाताने लिहून देता हे?” ते म्हणाले, पण तीन आठवडे दिले. जुना अहवाल मागे घेतल्याचं पत्र तिने त्याच संध्याकाळी टाइप केलं.

तीन आठवडे ती एकटीने काम करत राहिली. धसईहून तुसाची दोन पोती आणली. उकळलं, धुतलं, साडेपाचशे अंशांवर जाळलं. अमाइनचा थर दिला. पॅलेडियमचं पाणी पावडरीत मुरवलं, पावडर फिकट पिवळी झाली, मग हळूहळू काळसर राखाडी. पहिल्या फेरीत नव्वद टक्के आले. सगळं सावकाश, रुपालीच्या वहीत होतं तसंच. मग नवी खेप लावून अर्ध्या वाटेवर गरम गाळलं, खालचा द्रव ढवळत ठेवला. त्रेचाळीस टक्के. अर्ध्या तासाने त्रेचाळीस. चार तासांनी त्रेचाळीस. द्रव मेलेला होता. धातू आतच होता, घट्ट.

तिने मान वळवली आणि शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. सांगायला कोणी नव्हतं. तिने वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पुढची फेरी लावली. प्रत्येक फेरी गरमच गाळली, प्लांटमध्ये गाळतात तशी. नवव्या फेरीलाही एकोणनव्वद टक्के आले.

तिने रुपालीला तीन वेळा फोन केला होता. एकदाही उचलला गेला नव्हता. मेसेजमध्ये लिहायचं तिच्या मनाला येईना. नव्या अहवालावर तिने पहिलं नाव रुपालीचं टाकलं, दुसरं आपलं, आणि रविवारी विहारात न जाता डोळखांबची बस धरली.

पाड्यावर अर्धी घरं बंद होती. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती. वेखंड्यांच्या अंगणात नाचणीची कणसं वाळत पडली होती. रुपालीची आई बाईजा ती कुटत होती. वडील देवजी पडवीत दोरी वळत बसले होते. रत्नप्रभाने नाव सांगितलं तशी बाईजा उठली.

“तुमीच का त्या स्कूटरवाल्या म्याडम? बसा, बसा गो. रुपाली लय सांगायची. म्हणायची, म्याडमच्या मागं बसलं का रस्ता कधी सरतो कळत नाय.”

“आता सांगते का काही?”

बाईजाने पदराने हात पुसले. “आता नाय काय सांगत,” ती सरळच म्हणाली. “तुमचं नाव काढलं का दुसरं बोलते.”

रत्नप्रभाने पिशवीतून अहवाल काढला. इंग्रजीत होता. देवजींनी दोरी बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि कागद घेतला.

“यात तिचं नाव कुठं हाय?”

तिने बोट ठेवून दाखवलं. देवजींनी त्या अक्षरांकडे बराच वेळ बघितलं. “पयलं हाय,” ते म्हणाले.

“हो. काम तिचंच आहे. मी तिचं ऐकलं नव्हतं, आणि चार माणसांत तिला हसले होते. ते सांगायला आले.”

देवजींनी कागद बाईजापुढे धरला. मग बाईजाने आपला फोन घेतला आणि अंगणाच्या टोकाला, जिथे रेंज यायची, तिथे जाऊन मुलीला लावला. “हे घे, कोण आलंय बघ,” म्हणून फोन रत्नप्रभाच्या हातात दिला.

“हॅलो? आई?”

“रुपाली, मी रत्नप्रभा.”

पलीकडे कुठेतरी यंत्र चालू होतं.

“तुम्ही घरी गेलात, मॅडम?”

“फोन उचलत नव्हतीस.” मग घाईघाईने, फोन कापला जाईल या भीतीने ती म्हणाली, “तुझी पावडर केली मी. नऊ फेऱ्या झाल्या.”

“गरम गाळून?”

“सगळ्या गरम गाळून. खालच्या द्रवाचा आकडा चार तास हलला नाही.”

“आणि तुमची?”

“चौऱ्याऐंशीपर्यंत गेली. पावडरीशिवाय.”

रुपालीने श्वास सोडलेला ऐकू आला. आनंद झाला की नाही, ते रत्नप्रभाला कळलं नाही.

“तू म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, रुपाली. अडाणीपणाने नाही झालं ते. कळत असून बोलले मी तसं. सगळ्यांसमोर.”

“मला माहितेय,” रुपाली म्हणाली. “म्हणून तर गेले. तुम्हाला कळलं नसतं तर मी थांबले असते, मॅडम.”

रत्नप्रभाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परत येशील का?” तिने विचारलं. “साहेबांशी मी बोलते.”

“नाय. इथे बरं आहे माझं. पण मी आता प्रयोग करत नाय. इथे कागद तपासायचं काम आहे. हात लावायचा नसतो कशाला.” मग ती म्हणाली, “आईला द्या फोन.”

बाईजाने रत्नप्रभाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण होतं. तिने दीड भाकरी खाल्ली, दोघांना नमस्कार केला आणि निघाली. शहापूरपर्यंत बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. वाटेत हेल्मेटमधलं ते ओरडून बोलणं आठवून तिला हसू आलं, आणि तिने ते आवरलं.

मार्चमध्ये नव्या पावडरीवर प्लांट सुरू झाला. जैतू पहिल्या बॅचला स्वतः उभा होता. गरम गाळून निघालेला माल पांढरा होता. साहेबांनी रत्नप्रभाचं अभिनंदन केलं. तिने अहवालावरचं पहिलं नाव त्यांना पुन्हा दाखवलं, आणि त्यांनी मान हलवली. प्रयोगशाळेत मदतीला माणूस देऊ म्हणाले. ती म्हणाली, द्या, पण प्रश्न विचारणारा द्या.

बाराव्या वापरालाही अठ्ठ्याऐंशी टक्के आले, त्या दुपारी तिने रुपालीला पहिल्यांदा मेसेज केला. फक्त आकडे: “बारावी बॅच. ८८. मालात धातू नाही.”

संध्याकाळी ती शहापूरला पोचून स्कूटर लावत होती तेव्हा उत्तर आलं.

“धुताना पाणी किती गरम घेता?”

रत्नप्रभा जिन्यातच उभी राहून लिहू लागली. पाण्याचं लिहिलं, मग वहीतल्या त्या ओळीचं, मग रिकाम्या टेबलाचं, पुलावरचं, आईवडिलांना भेटून कसं वाटलं त्याचं. बराच मोठा मेसेज झाला. तिने तो वाचला आणि सगळा पुसून टाकला.

“साठ अंश,” तिने लिहिलं आणि पाठवून दिलं.

ते वाचलं गेल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. पुढे काही आलं नाही. तिने वर जाऊन दार उघडलं आणि कुकर लावला.